सात नंबरच्या झाडाची यादी

७ मे २००८, अक्षय तृतीया
आजपासून आपली कलमांची पन्हेरी कॉम्प्युटरवर. मोर्शी तालुक्यात संत्र्याची कलमं विकणारे पायलीचे पन्नास, पण कॉम्प्युटर ठेवणारा देवीदास एकटा.
मशीनले हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सत्यवती म्हणे, अहो, त्याच्यावर पाणी शिंपडू नका. मले समजत नाही का? थोडंसंच शिंपडलं, तेही मागच्या बाजूनं.
विंडोज नाही, लिनक्स टाकलं. मासिकासोबत सीडी फुकट आली होती. व्हायरस येत नाही, हँग होत नाही, असं त्यात छापलेलं आहे. चालू होताना स्क्रीनवर संत्र्याच्या रंगाची पट्टी भरत जाते. संत्र्याच्या धंद्याले संत्र्याची पट्टी! आणखी काय शकुन पाहजे?
संकल्प: औंदा वही नाही. विक्रीची सगळी नोंद मशीनमंधी.

१५ जून
विक्री सुरू. तीन सालांपासून कपाशीनं सगळ्यायले नाडलं, म्हणून जो तो संत्रा लावून राहिला. माणसं सकाळी सातपासून फाटकावर.
डोमाजीशी खटका उडाला. डोमाजी आमच्याकडे चाळीस वर्षांपासून डोळे बांधते. म्हणजे चांगल्या जुन्या झाडाचा डोळा काढून जंबेरी लिंबाच्या रोपावर बसवते, त्याचंच कलम होते. आमची अशी जुनी झाडं नऊ. कोणतं कलम कोणत्या झाडाचं, हे ध्यानात राहावं म्हणून तो प्रत्येक कलमाले रंगीत चिंधी बांधते. एक नंबरले पांढरी, चारले हिरवी, सातले लाल. सत्यवतीच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या! गिऱ्हाईक पाहते तं वाटते धोब्याकडे आलो.
मी म्हटलं, विकताना सगळ्या चिंध्या कापून टाक, आता मशीन आहे. तो म्हणे, मालक, आधी मशीनले तं सांगा कोणतं कशाचं हाय ते. मी म्हटलं सांगतो. तो कात्री घेऊन गेला. आजकाल त्याले ऐकू कमी येते, तरी तोंड फार चालते.

२० जून
यादीचा नमुना तयार. नाव, गाव, कलमं किती, झाड नंबर. चार रकाने. इतकी सुबक यादी जिल्ह्यात कोणाकडे नसल.
झाड नंबरच्या रकान्यात वेळ फार जाते. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी डोमाजीले हाका मारा, तो वाफ्यातून येणार, डोकं खाजवणार. आज युक्ती सापडली. पहिल्या घरात १ लिहायचा आणि माउसनं धरून खाली ओढायचं. एका झटक्यात पूर्ण रकाना भरला! खरे नंबर मागून टाकता येतात. आधी यादी भरलेली दिसली पाहजे.

२१ जून
मासिकातून पाहून दोन सुधारणा केल्या.
एक: मशीन चालू होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळत होती. ते बंद केलं. गिऱ्हाइकायले वाटते मशीन बिमार आहे. आता फक्त पट्टी दिसते.
दोन: पेन ड्राइव्ह घेतला. मशीन चालू झालं का आधी त्याले शोधल आणि जोडून घेईल, अशी ओळ सेटिंगमंधी लिहिली. यादीची कॉपी त्याच्यावर आपोआप कशी करायची, हे पुढच्या अंकात येणार आहे. तोवर कोराच ठेवतो. वापरानं तो झिजते असं वाचलं आहे.
शेजारच्या मनकर्णाबाईचा पोरगा बी.एस्सी. होऊन घरी बसला आहे. त्यालेही ही ओळ लिहिता आली नसती.

२ जुलै
कुलसुमबी येऊन दोनशे कलमं घेऊन गेली. नवरा अब्दुल सत्तार गेल्यापासून दोन एकर तीच पाहते. नातीले सोबत आणलं होतं, लुबना नाव. म्हणे, देवीदासभाऊ, कपास का नाद छोड दिया, पूर्ण वावर संत्र्याले दिलं, आता तुमचा भरवसा. मी म्हटलं, भाभी, पाच वर्षांनी फळ पाहून मले पेढे घेऊन या. हसली. लुबना नववीत आहे. पाच वर्षांनी तिच्या लग्नाचं वय, कुलसुमबीचा हिशोब सरळ आहे.
डोमाजीनं कलमं गाडीत भरली, चिंध्या कापल्या. नाव यादीत टाकलं. ओळ ३८.

५ जुलै
विक्री संपली. एकसष्ट गिऱ्हाइकं. एकही कलम उरलं नाही.
बाबांची रीत अशी, की विक्री संपली का वही देवघरात ठेवायची आणि दसऱ्यापर्यंत तिले हात लावायचा नाही. औंदा वही नाही. मग देवघरात काय ठेवायचं? मशीन मावत नाही. सत्यवती म्हणे, सोडा आता ती रीत. वा! सोडा कशी? पेन ड्राइव्ह मशीनमधून काढला, लाल फडक्यात गुंडाळला, अन्नपूर्णेच्या मागं ठेवला. हात जोडले.
फार समाधान वाटलं. जुनं आणि नवं दोन्ही सांभाळणारा माणूस विरळा.

६ जुलै, सकाळी ११
मशीन चालू होत नाही. म्हणजे होते, पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढं जाते आणि तिथंच थांबते.
काल संध्याकाळपर्यंत छान होतं. मधे मी काहीच केलं नाही.
बहुतेक लोडशेडिंग. दिवसाचे आठ-आठ तास लाइन नाही, कोणतं मशीन टिकल? उद्या होईल चालू.

८ जुलै
अकोल्याहून हर्षा मॅडमचा फोन. त्या झाडांच्या रोगांवर काम करतात. मे महिन्यात सात नंबरच्या फांद्या तपासणीले नेल्या होत्या. कारण त्याची फळं पिकली तरी एका अंगानं हिरवीच राहून राहिली होती. मी तवाच म्हटलं होतं, खताचा दोष आहे.
खताचा दोष नाही. रोग आहे, आणि तो डोळ्यातून कलमात जातो. कलम पाहून समजत नाही. चार-पाच वर्षं झाड चांगलं वाढते, आणि बहार धरायची वेळ आली का शेंड्याकडून वाळत येते. मॅडम म्हणाल्या, सात नंबरची कलमं कोणाकोणाले गेली त्याची यादी पाठवा, लावायच्या आधी लोकायले थांबवा. मी म्हटलं, मॅडम, आमचं सगळं कॉम्प्युटराइज्ड आहे. त्या म्हणाल्या, फारच छान, मग आजच पाठवा.
दुपारी सात नंबर पाहून आलो. वरच्या दोन फांद्या काड्या झाल्या आहेत.
पट्टी तिथंच.

९ जुलै
बातमी डोमाजीनं फोडली असणार. कुलसुमबी सकाळीच दारात. खड्डे खणून तयार आहेत, लावू का नको लावू, एवढंच विचारते.
डोमाजी मधातच बोलला, बाईचे लाल चिंधीवालेच होते, म्याच कापल्या. मी त्याले गप केलं. असं तोंडी चालत नाही. त्यानं चार हजारांवर चिंध्या कापल्या, त्यातल्या कोणाच्या लाल होत्या हे त्याले कसं याद राहील? पन्हेरीचा नियम केला: मशीनमधी सात नंबर दिसला तरच पुढच्या हंगामात कलमं बदलून मिळतील. नाहीतर उद्या सगळं मोर्शी येऊन म्हणल आमचे लाल होते.
कुलसुमबी म्हणे, ठीक आहे, मशीन काय म्हणते ते सांगा. मी म्हटलं, उद्या या.

११ जुलै
उपाय केले:
मागचा डबा उघडून फुंकलं. जाळं निघालं, एक पाल निघाली. पट्टी तिथंच.
टेबलाचं तोंड पूर्वेले केलं. पट्टी तिथंच.
टेबल फॅन लावला. लाइन गेली.
कुलसुमबी येऊन गेली. उद्या म्हटलं.

१४ जुलै
अमरावतीच्या वकारले फोन केला. कॉम्प्युटर रिपेअरिंगमधी त्याचं नाव आहे. सल्ला म्हणून नाही, सहज गप्पा म्हणून केला. तो म्हणे, पट्टी हटाव, अक्षरं दिसू दे, ती वाचून दाखव मले, मशीन तुले काहीतरी विचारून राहिलं असंल. विचारून राहिलं म्हणे! मशीन का विचारते? मी म्हटलं, ती अक्षरं मी मुद्दाम बंद केली आहेत, व्यवहाराच्या ठिकाणी बरी दिसत नाहीत. तो हसला. मले ते हसणं आवडलं नाही. फोन ठेवला.
संकल्प: आपल्या बुद्धीनं दुरुस्त करायचं. कोणाची मिंधेगिरी नाही.

१६ जुलै
सकाळी गावात पांढरी सरकारी जीप आली. कोणी कर्जापायी औषध घेतलं का पंचनाम्याले अशीच जीप येते, म्हणून ती कोणाच्या दारापुढं थांबली का सगळी गल्ली बाहेर येते. आजची जीप पोलिओच्या डोसाची निघाली.
डोमाजीनं सात नंबर तोडायले घेतलं. मी सांगितलं नव्हतं. म्हणे, ते ठेवून काय फायदा, बाकीच्या आठायले बी खाईल. बाबांनी लावलेलं झाड. बुंध्याची साल सोलली तं आतून पिवळट. संध्याकाळपर्यंत जळून राहिलं. धूर घरात आला. सत्यवतीनं खिडक्या लावल्या.
पट्टी तिथंच. हर्षा मॅडमचे दोन फोन आले. उचलले नाहीत, कारण खात्रीशीर माहिती नसताना बोलणं बरोबर नाही.

१९ जुलै
मोटारसायकलनं जाताना कुलसुमबीचं घर लागलं. अंगणात दोनशे कलमं ओळीनं उभी. पिशव्या फाटून राहिल्या, मुळं बाहेर. लुबना गडव्यानं एकेकाले पाणी घालत होती. थांबलो नाही.
कुलसुमबी मागून पन्हेरीवर आलीच. आज आवाज चढवला. म्हणे, देवीदासभाऊ, आधे लोकांनी लावून टाकले, मी तुमच्या एका शब्दासाठी बसून राहिली, दहा रोजात मशीनले एक शब्द फुटत नाही का? मी म्हटलं, भाभी, गडबडीत चुकीचं सांगितलं तं पाच वर्षं वाया जातील. हे वाक्य मले चांगलं जमलं. ती म्हणाली, म्हणूनच तं थांबली.
डोमाजी म्हणे, मालक, माझ्या सांगण्यावर बदलून द्या, माझा पगार कापा. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.
खरं सांगायचं तं त्या मुळायकडे पाहून गाडी हळू केली होती, मग जोरात काढली. इथं लिहायले हरकत नाही, हे कोणी वाचत नाही.

२२ जुलै, दुपारी १
वकार स्वतः आला. मी बोलावलं नव्हतं. सत्यवतीनं परस्पर फोन केला होता. घरात फितुरी.
आल्या आल्या त्यानं दोन कळा दाबल्या, पट्टी गेली आणि काळ्या पडद्यावर अक्षरं आली. त्यानं मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं: तुम्ही शोधायले सांगितलेली डिस्क सापडत नाही. ती लावा, किंवा तिच्याशिवाय पुढं जाऊ का ते सांगा. कंट्रोल धरून डी दाबा.
बस. सतरा दिवस मशीन हेच विचारत होतं. पट्टीच्या मागून.
वकारनं विचारलं, कोणती डिस्क? मी म्हटलं मले काय माहीत. सत्यवती उठली, देवघरात गेली, अन्नपूर्णेच्या मागून लाल फडकं आणून टेबलावर ठेवलं. पेन ड्राइव्हवर कुंकू. वकारनं तो पुसला, खोचला, कळ दाबली. पट्टी पूर्ण भरली. मशीन चालू!
वकार म्हणे, ती ओळ कोणी लिहिली? मी म्हटलं, मासिकात चुकीची छापली होती.
डोमाजी फाटकापाशी उभा होता. कुलसुमबी आलेली होतीच. सगळ्यायच्या समोर यादी उघडली. ओळ ३८. कुलसुमबी अब्दुल सत्तार. कलमं दोनशे. झाड नंबर: १.
एक! मी तीनदा वाचून दाखवलं. लाल नाही, पांढरी! डोमाजीकडे पाहिलं. तो म्हणे, मशीन म्हणते तं असंल, आणि पागोटं उचलून बाहेर गेला. कुलसुमबीनं ओढणी तोंडाले लावली आणि रडली. म्हणे, अल्ला तुमच्या मशीनले सलामत ठेवो. वकारले चहा पाजला. मोठा दिवस.

२५ जुलै
कुलसुमबीची लावणी आज संपली. तीन दिवस मायलेकीसारख्या दोघी राबल्या. पन्हेरीवर गुळाची पोळी पाठवली. डोमाजीनं खाल्ली नाही. दात दुखते म्हणे.
हर्षा मॅडमले सांगितलं, मशीन बंद होतं, आता चालू झालं, दोन दिवसांत छापील यादी पाठवतो.

२७ जुलै, सकाळी ९
छपाई केली. दोन पानं. फार सुंदर आली.
सात नंबरवाली नावं लाल पेननं खुणा करायची म्हणून बसलो. पहिलं पान: १, १, १, १. म्हटलं नशीब चांगलं. दुसरं पान: १, १, १, १. शेवटपर्यंत. एकसष्टच्या एकसष्ट. सगळी कलमं एक नंबर झाडाची.
एक नंबरचे डोळे औंदा आम्ही तीनशेच बांधले होते.
याच डायरीत मागं गेलो. २० जूनची नोंद वाचली. युक्ती सापडली, असं लिहिलं आहे. अक्षर माझंच आहे.
पान फाडणार होतो. फाडलं नाही. फाडून काय होते?
डोमाजीले बोलावलं. बाकीच्या साठायचं विचारलं. त्याले दहा-बारा लोकायचं पक्कं आठवते, बाकीच्यायचं नाही. म्हणे, मालक, चिंध्या होत्या ना, मले कशाले याद ठेवायले लागंल? कुलसुमबीचं पुन्हा विचारलं. लालच म्हणे. दोनशेच्या दोनशे. तिच्या नातीनं आजीले न सांगता लाल चिंध्या मागून नेल्या शाळेत बाहुली करायले, म्हणून ध्यानात राहिलं.
भीती वाटून राहिली. सरळ लिहितो. भीती वाटून राहिली.

२८ जुलै
कुलसुमबीच्या वावरात गेलो. सांगायलेच गेलो होतो. रस्त्यानं वाक्य तयार केलं, तीनदा म्हणून पाहिलं. आत्ता उपटलं तं एकच साल जाईल, भाभी.
दोनशे कलमं ताठ उभी. प्रत्येकाले तुराटीची काडी बांधलेली, आळं सारवल्यासारखं साफ. कुलसुमबी बांधावर बसून भाकर खात होती. मले पाहून उठली, अर्धी भाकर पुढं केली. म्हणे, सारा गाव म्हणत होता काहून थांबली, अब बोलो, थांबली ते अच्छाच झालं ना? लुबनानं सगळी मोजली आहेत, एकही मेलं नाही.
मी म्हटलं, पाणी बुंध्याले लागू देऊ नका.
मग भाकर खाल्ली. मग निघालो.

३० जुलै
हर्षा मॅडमचा फोन. आज उचलला. यादीचं विचारलं. मी म्हटलं, मॅडम, काय सांगू, मशीन चालू होत नाही, पट्टी अर्ध्यात अडकते. त्या म्हणाल्या, अरे, पुन्हा? मी म्हटलं, हो, लोडशेडिंग.
मशीन समोर चालू होतं.
डोमाजी कामावर आला नाही. सत्यवती म्हणे, तो सकाळीच कुलसुमबीच्या वावराकडे गेला होता, पण बांधावरूनच परतला. मालकानं सांगावं, असं म्हणत होता.
बरोबर आहे. मीच सांगायले पाहजे. आणि नीट सांगायले पाहजे, कागद घेऊन, मॅडमले सोबत घेऊन. घाईत सांगण्यात अर्थ नाही.
संकल्प: उद्या सकाळी पहिलं काम तेच.

३१ जुलै, सकाळी ८
मशीन चाळीस सेकंदांत चालू झालं. मोजले. पट्टी कुठं अडकली नाही.
ओळ ३८ मधी १ खोडून ७ केला. पाहिलं. परत १ केला.
आता लाइन जाईल. कुलसुमबीकडे उद्या जातो.